घरी जुळवलेली एअर रायफल नेमावर लागत नाही? आधी स्क्रू बघा, मग खिशात हात घाला

मागच्या दिवाळीनंतर एक जुनी ब्रेक बॅरल (नळी खाली मोडून छर्रा भरायची) एअर रायफल हाती लागली. ओळखीच्या एकाच्या पोटमाळ्यावर गोणपाटात गुंडाळून पडली होती, गंजलेली, स्टॉकला म्हणजे लाकडी दस्त्याला उभा तडा, त्याला ती घरात नकोच होती. मी नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये कामाला, त्यामुळे हाताला खाज सुटलीच. स्प्रिंग नवी टाकली, पिस्टनचं सील बदललं, सिडकोतल्या सुतार मित्राकडून सागवानाचा स्टॉक कापून घेतला आणि बाकी घासाघीस बाल्कनीत केली, वर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) चढवला, दिसायला एकदम झकास. आणि मारून बघितली तर १० मीटरवर १० छर्रे चहाच्या बशीएवढ्या जागेत. गलोलीनं यापेक्षा बरं लागतं राव.

पुढचे तीन महिने मी काय काय उलटसुलट केलं आणि खरं कुठल्या क्रमानं करायला हवं होतं ते लिहितोय, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

एक आधीच सांगतो. हे सगळं एअर रायफलचं आहे, ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली, जिला आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे लायसन लागत नाही. अमेरिकेत लोक पार्ट मागवून घरी सेमी ऑटोमॅटिक रायफल जोडतात, त्याचे व्हिडिओ बघून कुणाला हुक्की आली असेल तर ती तिथंच सोडा, आपल्याकडे लायसनशिवाय बंदूक बनवणं हा १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली सरळ गुन्हा आहे. आणि एअरगन आहे म्हणून पोपट, पारवे मारत फिरणार असाल तर पुढचं वाचूच नका.

आता जागा. गच्चीवर करू नका, शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला येतात तेव्हा नाही, कधीच नको. मखमलाबादला मावसभावाचा द्राक्षमळा आहे, तिथल्या शेडमध्ये २५ मीटर सरळ जागा मिळते आणि मागं दगडी भिंत. टार्गेटमागं लाकडी खोकं, त्यात फाटक्या गोधड्या गच्च कोंबलेल्या आणि शेवटी ६ मिमीची लोखंडी (एमएस) प्लेट. छर्रा गोधडीतच अडकतो, उलटा येत नाही. तरी डोळ्याला गॉगल पाहिजेच. छर्रे शिशाचे असतात, म्हणून वडापावला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवा. आणि ब्रेक बॅरलमध्ये छर्रा भरताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवायची, ट्रिगर चुकून सुटला तर नळी फाटकन वर येते आणि बोटाचं काय होतं ते सांगायला नको.

दुरुस्तीच्या आधी टार्गेट नीट वाचा. बंदूक बॅगवर टेकवून, एकाच जागी बसून, एकाच डब्यातले १० छर्रे मारा. ५ नको. ५ चा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, कधी कधी नशिबानं इतका छान येतो की आपण फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो आणि पुढचे ५ भलतीकडेच जातात. सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं बाहेरून बाहेरचं माप व्हर्निअरनं घ्या, त्यातून ४.५ वजा करा, हा तुमचा ग्रुप. तो वहीत लिहा, तारीख, छर्रा, हवा कशी होती, काय बदललं, सगळं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मी स्वतः पाळलं नाही आणि त्यापायी दोन महिने घालवले. स्कोप आणि छर्रा एकाच रविवारी बदलला, ग्रुप सुधारला, आणि कशानं सुधारला ते आजतागायत माहीत नाही.

भोकांची रचना बरंच काही बोलते. उभी रांग लागली तर छर्ऱ्याचा वेग कमीजास्त होतोय किंवा तुम्ही श्वास घेताना मारताय. आडवी रांग असेल तर ट्रिगर बाजूला ओढला जातोय, नाहीतर बंदूक हातात तिरकी होतेय. दोन वेगवेगळे झुपके दिसले तर बंदुकीत कुठंतरी काहीतरी दोन जागी बसतंय, कधी इकडं कधी तिकडं. आणि सगळीकडं शिंपडल्यासारखं झालं तर छर्रा किंवा नळीचं तोंड बघा. ही काही वेदवाणी नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

माझ्याकडं दोन झुपके होते. ६ खाली डावीकडं, ४ वर उजवीकडं. तेव्हा मला अर्थ लागला नाही आणि मी सरळ साडेचार हजारांचा नवा स्कोप मागवला. आला, बसवला, तेच दोन झुपके. मग माझ्या भाचीला बोलावलं. ती रेंजवर १० मीटर एअर रायफल शिकते (स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणल्यापासून आमच्या घरात तेवढंच चालू असतं, तो मूळचा कोल्हापूरकडचा पण नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला म्हणून आमचा अभिमान जरा जास्तच). तिच्या टार्गेटवरचा १० चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे पेनाचं टोक टेकवल्यासारखा, तिच्या हाताबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तिनं १० मारले, माझ्यापेक्षा आटोपशीर पण झुपके दोनच. म्हणजे दोष बंदुकीत. ही युक्ती लक्षात ठेवा, आपल्यापेक्षा चांगलं मारणाऱ्या माणसाच्या हातात बंदूक द्यायची, फुकटात निम्मं निदान होतं.

ती म्हणाली, "मामा, पुढचे स्क्रू घट्ट केलेस का?" मी म्हटलं अगं मी फिटर आहे. आणि बघितलं तर डावीकडचा स्क्रू बोटानं फिरला. आता काय सांगायचं.

स्प्रिंगवाल्या रायफलमध्ये स्टॉकच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो आणि ट्रिगर गार्डला एक किंवा दोन. पिस्टनचा दणका रोज खाऊन हे ढिले होतातच, नव्या बंदुकीचेही होतात. घरी केलेल्या स्टॉकमध्ये तर आणखी एक भानगड, लाकूड दबतं. माझं भोक जरा मोठं पडलेलं आणि खाली वॉशर नव्हता, त्यामुळे स्क्रूचं डोकं हळूहळू सागवानात रुतत होतं, मी घट्ट करायचो, ते अजून रुतायचं, आणि बॉडी स्टॉकमध्ये दर दणक्याला एका बाजूनं दुसऱ्या बाजूला बसायची. तेच दोन झुपके. लंच टाइममध्ये लेथवर स्टीलचे दोन कप वॉशर काढले, भोकात बरोबर बसतील असे, आटे पेट्रोलनं पुसून कोरडे केले आणि निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) एकेक थेंब लावलं. निळंच घ्या, लाल लावलं तर पुढच्या वेळी स्क्रू तापवून काढायला लागेल आणि तोवर स्टॉक करपेल. घट्ट किती करायचं? स्क्रू टेकला की वर पाव फेरा, बास. जोर काढलात तर लाकूड फाटेल नाहीतर आटे जातील. त्या संध्याकाळी दोन झुपक्यांचा एक झाला, २५ मिमीचा. २५ म्हणजे काही फार भारी नाही, पण निदान आता एकच रोग उरला असं वाटलं. तसं नव्हतं.

पावसाळ्यात हेच परत तपासा. लाकूड पाणी पितं, फुगतं, जुलैत घट्ट वाटणारा स्क्रू नोव्हेंबरात सैल निघतो.

छर्ऱ्यांचं. मी जवळच्या दुकानातून मिळाला तो डबा आणला होता. काचेच्या तुकड्यावर हलका उतार देऊन एकेक छर्रा घरंगळत सोडला तर चांगले सगळे एकाच वळणानं जातात, आणि ज्याचा घेर चेपलाय तो लडबडत भलतीकडं जातो. माझ्या डब्यातले १०० पैकी ३० तरी असे होते. दुसरी तपासणी अंगठ्याची, छर्रा नळीत अंगठ्यानं दाबून बसला पाहिजे, आपोआप आत पडला तर बारीक, नखानं ढकलावा लागला तर जाड. चांगल्या कंपन्यांच्या डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असं, आणि हा शंभरावा भाग मिलिमीटरचा खरंच फरक पाडतो. मित्रांकडून चार-पाच प्रकारचे पन्नास-पन्नास छर्रे मागून आणले, प्रत्येकाचे आधी १० वाया घालवले कारण नळीत आधीच्या छर्ऱ्याचं शिसं असतं, मग १० मोजणीचे. जे मॅचचे महाग चपट्या डोक्याचे होते त्यांनी माझ्या बंदुकीत काही दिवे लावले नाहीत, गोल डोक्याच्या ४.५२ नं मात्र २५ चे १६ केले. प्रत्येक नळीची जीभ वेगळी, तिला काय आवडतं ते तिलाच विचारायला लागतं. कागदावर भोक स्वच्छ पडतं ते चपट्याचं, गोलाचं फाटल्यासारखं येतं, मोजताना तेवढं सांभाळून घ्या.

आता पकड. इथं मी सगळ्यात जास्त हट्ट केला. मला वाटायचं बंदूक जितकी आवळून धरू तितकी हलणार नाही. स्प्रिंग रायफलमध्ये उलटं असतं. ट्रिगर सुटला की जड पिस्टन पुढं धावतो म्हणून बंदूक मागं येते, मग पिस्टन समोरच्या दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो तेव्हा बंदूक पुढं झटका खाते, आणि या सगळ्या भानगडीत छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे बंदूक हलणारच. तुम्ही आवळलीत तर दर वेळी थोडी वेगळी आवळली जाणार आणि ती दर वेळी वेगळ्या दिशेला उडणार. त्यापेक्षा तिला दर वेळी सारखंच हलू द्यायचं. याला जगभर आर्टिलरी होल्ड म्हणतात, आणि नाशिककराला हे समजवायला नको, देवळालीला आपल्या शेजारीच तोफखान्याचं स्कूल आहे, तोफेची नळी दणक्यानं मोकळी मागं सरकते आणि परत जागेवर येते, कुणी तिला मिठी मारून बसत नाही.

करायचं असं. डावा तळहात उघडा, त्याच्यावर पुढचा स्टॉक नुसता ठेवायचा, बोटं मिटायची नाहीत. हात ट्रिगर गार्डच्या जवळ की पुढं, ते प्रत्येक बंदुकीचं वेगळं, दोन-तीन जागा करून बघा आणि जी चांगली निघेल तिथं स्टॉकवर पेन्सिलची रेघ मारा. हाताखाली वाळूची पिशवी चालेल, पण स्टॉक थेट टेबलावर किंवा विटेवर टेकवू नका, कडक जागेवरून बंदूक उसळते आणि ग्रुप वर सरकतो. खांद्याला नुसता टेकवलेला, गाल हलका, उजव्या हाताची मूठ सैल, ट्रिगर सरळ मागं आणि सुटल्यावरही क्षणभर तसंच बघत राहायचं. मी लगेच मान वर करून भोक कुठं पडलं बघायचो, भाचीनं दोनदा टपली मारली तेव्हा सवय गेली. नुसत्या पकडीनं १६ चे ११. एक रुपया खर्च नाही.

आता स्कोप, ज्याला मी सगळ्यात आधी दोष दिला होता. त्याची परीक्षा सोपी आहे, काढून ठेवा आणि बंदुकीच्या स्वतःच्या साईटवर (नळीवरच्या नेमाच्या खुणांवर) १० मारा. साध्या साईटवर ग्रुप बरा आला तर स्कोपकडं वळा, नाहीतर त्याला उगाच शिव्या घालू नका. हे मला साडेचार हजार घालवायच्या आधी सुचायला हवं होतं.

स्कोपची चार दुखणी नेहमीची. पहिलं, स्प्रिंगचा झटका दोन्हीकडचा असतो आणि साधे स्कोप एकाच दिशेच्या झटक्याला बनवलेले असतात, आतली भिंगं ढिली होतात. एअरगनला चालेल असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. दुसरं, स्कोपला धरणारं माउंट सरकतं. ११ मिमीच्या खाचेवर बसवलेलं माउंट हळूहळू मागं येतं, डोळ्याला कळतही नाही. माउंटच्या मागं बॉडीवर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा, ५० छर्ऱ्यांनी बघा. सरकलं असेल तर नुसतं आवळून उपयोग नाही, खाली अडकणारी पिन असलेलं माउंट लागतं. तिसरं, पॅरलॅक्स. बहुतेक रायफल स्कोप १०० यार्डाला जुळवलेले असतात, १० मीटरवर डोळा जरा इकडंतिकडं झाला की आतला क्रॉस (नेमाच्या आडव्याउभ्या रेघा) टार्गेटवर सरकतो. बंदूक बॅगवर स्थिर ठेवा, हात लावू नका, फक्त मान डावीउजवीकडं हलवून बघा. माझ्या पहिल्या स्कोपचा क्रॉस ८-१० मिमी फिरत होता, म्हणजे माझा गाल जिथं पडेल तिथं नेम. पुढच्या भिंगाला फिरवून अंतर जुळवता येतं असा स्कोप घ्या आणि तो १० मीटरपर्यंत खाली येतो का ते विकत घ्यायच्या आधी विचारा.

चौथं जरा किचकट. ब्रेक बॅरलची नळी पुष्कळदा किंचित खाली झुकलेली असते, छर्रे खूप खाली लागतात म्हणून आपण स्कोपचा वरचा नॉब फिरवत फिरवत शेवटाला नेतो. तिथं आतली स्प्रिंग सैल पडते आणि क्रॉस दर झटक्याला स्वतःच्या मर्जीनं बसतो. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतो ते मोजा आणि मध्यावर आणा, मग स्कोप धरणाऱ्या मागच्या रिंगखाली पत्र्याची पट्टी घाला. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, मला दोन पट्ट्या लागल्या. आणि क्लिकचा हिशोब, नॉबच्या पाव मिनिटाच्या (कोनाचं मिनिट, घड्याळाचं नाही) क्लिकला १०० यार्डावर साधारण ७ मिमी, म्हणजे १० मीटरवर जेमतेम ०.७. छर्रा १० मिमी खाली लागत असेल तर १४ क्लिक. लोक दोन क्लिक फिरवतात आणि म्हणतात स्कोप खराब.

क्रॉस सरळ आहे का ते बघायला गवंड्याचा ओळंबा. शेडच्या आढ्याला बांधा, दोरी स्थिर झाली की उभी रेघ तिच्याशी जुळवा. १० मीटरवर चूक लपते, २५ वर छर्रे बाजूला जायला लागतात.

एवढं करून ग्रुप अडला तर मग नळी आणि जोड. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, नळी बंद करून डावीउजवीकडं हलवा, जरा जरी खुळखुळली तर बिजागरीचा बोल्ट बघा. नळीच्या मागं जोडाला एक ओ रिंग असते, ती म्हातारी झाली की हवा गळते. जोडावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून छर्रा मारा, पट्टी उडाली तर रिंग बदला, वीस रुपयांचं काम. छर्ऱ्याशिवाय मात्र कधी ट्रिगर ओढू नका, समोर दाब नसला की पिस्टन धाडकन आदळतो आणि नवं सील जातं.

नळीच्या तोंडावर कान साफ करायची कापसाची काडी गोल फिरवा. कुठं धागा अडकला तर तिथं बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, आहे. छर्रा बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला होतो, एका बाजूला ओरखडा असेल तर हवा त्याला तिकडून आधी ढकलते. माझा पोटमाळ्यावरचा माल, धागा अडकलाच. नळीत आतून कापूस कोंबला, गोल डोक्याचा पितळी स्क्रू हँडड्रिलला लावला, डोक्याला बारीक ग्राइंडिंग पेस्ट आणि हळूहळू, ड्रिलचा हात सतत गोल डोलवत, दोन मिनिटं. लेथवर घ्यायचा मोह झाला होता पण नळी बाहेरून गोल आहे म्हणून भोक मध्यावर असेलच असं नाही, म्हणून नाही घेतली. साफ करायला माशाच्या गळाची तंगूस, तिला सुती कापडाची चिंधी, मागून पुढं ओढायची. तारेचा ब्रश नको.

आणि तेल! लोकांना तेल सोडायची फार हौस. सिलिंडरमध्ये साधं तेल किंवा स्प्रे गेला की दाबानं तो पेटतो, धूर येतो, फटाक्यासारखा आवाज येतो आणि प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा. मी जुळवताना ग्रीस जास्त लावली होती, पहिले ८०-९० छर्रे धूरच धूर. मित्राचं वेग मोजायचं यंत्र लावलं तेव्हा १० छर्ऱ्यांत १८ मीटर प्रति सेकंदाचा फरक होता, धूर संपल्यावर तोच ४ वर आला. १० मीटरवर हे जाणवत नाही, २५ वर उंचीत १०-१२ मिमी पडतात. माझा वेग २१० च्या आसपास, छर्रा ०.५४ ग्रॅमचा, म्हणजे १२ ज्यूल. मित्र म्हणाला अजून कडक स्प्रिंग टाक. कशाला? याच छर्ऱ्याला २७२ च्या वर गेलात की २० ज्यूलची रेघ ओलांडली, आणि झटका वाढून ग्रुप बिघडतो तो वेगळाच. शिवाय ती स्प्रिंग बसवताना दाबलेली असते, क्लॅम्पशिवाय उघडायला गेलात तर तोंडावर येईल.

थंडीत आणखी एक गंमत. जानेवारीत सकाळी सातला मळ्यावर गेलो, निफाडकडून येणारा तो बोचरा गारठा, पहिले ८ छर्रे सगळे खाली. आत ग्रीस घट्ट झालेली, दुसरं काही नाही. आता पहिले १० तसेच गोधडीत घालतो, मग मोजणीला बसतो.

सध्या ९ मिमीवर आहे, १० मीटर, १० छर्रे. भाचीनं त्याच बंदुकीनं ७ चा काढला, म्हणजे उरलेले २ मिमी माझे. ट्रिगर जड आहे, ती म्हणते मामा थोडा घास ना, पण त्या आतल्या कडेला कानस लावायचं माझं धाडस नाही, नळी बंद करताना सुटला तर बोट माझंच असणार. तो स्क्रूनं जेवढा हलका होतो तेवढाच केलाय. येत्या रविवारी मिसळ खाऊन परत मळ्यावर जायचंय, या वेळी २५ मीटरवर, वही घेतलीये.